वाकळेला अहिंसक म्हणू नका

‘अहिंसक’ हा शब्द आता किमतीच्या चिठ्ठीवर येऊन बसला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या बेळगाव-निपाणी भागात वाकळांची जी नवी टूम निघाली आहे, त्या वाकळांच्या कोपऱ्याला सुतळीने एक तपकिरी चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर तीन शब्द : हस्तरंगित, नैसर्गिक, अहिंसक. खाली किंमत, साडेआठ हजार रुपये. किमतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाईच्या हाताला चार पैसे जास्त मिळत असतील तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. (ते खरंच बाईच्या हाताला मिळतात का, ते पुढे बघू.) माझं भांडण आहे ते तिसऱ्या शब्दाशी.

हा शब्द आपण जैनांनी फार जपून वापरलेला आहे. त्याच्यापायी आपल्या आज्या दिवस मावळायच्या आत जेवल्या, पाणी गाळून प्यायल्या, गाळणीवर राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडून आल्या. कुणी त्यांना हसलं तरी त्यांनी सोडलं नाही. आणि एवढं करूनही ‘मी अहिंसक आहे’ असं म्हणताना मी माझ्या आजीला कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, ‘जितकी टळेल तितकी टाळायची.’ आता तो शब्द आपण कापडाला बांधायला निघालो आहोत, आणि तोही न तपासता.

यंदा महावीर जयंतीच्या प्रदर्शनासाठी आमच्या मंडळात असा विचार निघाला की मांडायच्या त्या फक्त अशा अहिंसक वाकळा. म्हणजे बाजारातून कोरं सुती कापड आणायचं, ते झाडापानांच्या रंगात रंगवायचं, कापून त्याचे चौकोन-त्रिकोण करायचे आणि जोडायचे. आणि आमच्या गल्लीत तीस-पस्तीस वर्षं वाकळा शिवणारी जी अक्का आहे, तिच्या वाकळा यंदा नकोत. का? तर तिच्या तुकड्यांत पॉलिस्टर असतं, त्यांचे रंग ‘केमिकल’चे. मी सभेत बोलायचं ते बोलले. पण सभेत चहा येतो आणि विषय बदलतो. म्हणून हे लिहायला बसले.

आधी लाल रंग घ्या, कारण या नव्या वाकळांतला सगळ्यात देखणा रंग तोच असतो. विचारलं की सांगतात, ‘लाखेचा आहे काकू, अगदी नैसर्गिक.’ नैसर्गिक आहे, मान्य. पण लाख म्हणजे काय? पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक कीटक हजारोंनी चिकटून बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते कवच म्हणजे आपल्या बांगड्यांची लाख. पण तांबडा रंग त्या कवचात नसतो, तो कवचाच्या आतल्या मादीच्या अंगात असतो. फांद्या खरवडायच्या, ती लाख कांडायची, पाण्यात धुवायची, की जे लाल पाणी सुटतं तो हा रंग. दुसरा लाल म्हणजे परदेशातून आलेला कोचिनियल. निवडुंगावर वाढणारे किडे वाळवून, कुटून केलेला. हाच रंग खाण्याच्या जिनसांत १२० या क्रमांकाने येतो. आपल्यातल्या कितीजणी दुकानात चष्मा पुसून पुसून जेलीचा आणि गोळ्यांचा पुडा उलटा करून तो १२० शोधतात! पोरांच्या हातातून गोळी काढून घेतात. आणि तोच किडा अंथरुणात चालतो? किरमिजी हा आपला गोड शब्दसुद्धा मुळात किड्यावरूनच आलेला आहे. शब्दानेच साक्ष दिल्यावर आणखी कुणाला विचारायचं!

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. किडे आपोआप उडून गेल्यावर रिकामी लाख काढतात, म्हणून त्यात पाप नाही. ऐकायला बरं वाटतं. पण पिल्लं बाहेर पडून गेलेल्या रिकाम्या लाखेत रंग फारसा उरत नाही. रंग पाहिजे असेल तर फांदी आधीच तोडावी लागते. म्हणजे वाकळेतला तुकडा जितका गडद लाल, तितकी ही सबब फिकी.

आणि हे आज मला सुचलेलं नाही. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची पंधरा कर्मादानांची यादी आपल्याकडे जुनी आहे. त्यात लाक्षावाणिज्य आहे, स्वतंत्र नाव घेऊन. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा खुलासा केला तेव्हा लाखेबरोबर नीळ घातली, धायटीची फुलं घातली. पुढे आपल्या दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनी, जे स्वतः गृहस्थ होते, ‘सागारधर्मामृता’त याच पंधरा कामांची दखल घेतली. रंगाचा व्यापार म्हणजे काय असतो हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. त्यांच्या काळी सगळेच रंग नैसर्गिक होते की! कारखान्यातला रंग नव्हताच. तरीही त्यांनी बोट ठेवलं ते लाखेवर आणि निळीवर. आठ-नऊशे वर्षांपूर्वी ज्यांना हे कळत होतं त्यांच्या वारसदारांनी आज त्याच रंगावर अहिंसक असं लिहायचं, याला काय म्हणावं?

बरं, लाख सोडा, मंजिष्ठाने लाल करू म्हणतात. मंजिष्ठाचा लाल तुरटीवर छान धरतो, पक्का असतो, यात शंका नाही. पण मंजिष्ठ म्हणजे मूळ. बारतोंडीचा, म्हणजे आलाचा लाल, तोही मुळांचा. झाड तीन-चार वर्षांचं झालं की खणून काढायचं. आपण बटाटा का खात नाही? कांदा, गाजर, मुळा का खात नाही? मूळ उपटलं की सगळं झाड जातं आणि त्याच्या आश्रयाने असलेले अनंत जीव जातात म्हणून. मग ताटात वर्ज्य असलेलं मूळ पातेल्यात घातलं की शुद्ध कसं होतं? एका बाईंनी तर मला बीटचा गुलाबी दाखवला. ज्या घरात बीट येत नाही त्या घरात रंगासाठी दोन किलो बीट आलं! आणि बीटचा रंग सुतावर टिकतच नाही हो. दोन धुण्यांत जातो. पापही झालं आणि गुलाबीही गेला.

निळीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिचा मोह मलाही आहे. निळीसारखा निळा दुसरा नाही. पण तिचं पान पाण्यात टाकलं की निळं पाणी निघालं, असं ते सोपं नसतं. झुडपं हौदात कुजवतात, मग ते पाणी घुसळघुसळ घुसळतात, तेव्हा तळाशी निळा साका बसतो. तो साका पाण्यात विरघळत नाही. तो कापडावर चढायचा तर गूळ आणि चुना घालून दिवसेंदिवस आंबवायचा, नाहीतर हायड्रोसल्फाइट घालायचं. पहिल्या रीतीत अगणित सूक्ष्म जीव कामाला लावायचे. मर्यादा उलटलेलं दही जिच्या घरात चालत नाही, तिने मागच्या दारी पंधरा-पंधरा दिवस वास मारणारा रांजण ठेवायचा. दुसरी रीत उघडउघड रसायनाची. पण चिठ्ठीवर हायड्रोसल्फाइट लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि माणसांचं काय? हिंसा म्हणजे फक्त किडा-मुंगीची असते का? नीळ ही तर पूर्ण नैसर्गिक. तरी १८५९-६० साली बंगालचे शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. दीनबंधु मित्रांचं ‘नीलदर्पण’ नाटक त्याच छळावरचं. चंपारणमध्ये दर वीस कठ्ठे जमिनीमागे तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे अशी सक्ती होती. ती मोडायला १९१७ मध्ये गांधीजी गेले. आणि त्याआधी काय झालं होतं? १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यातली नीळ बाजारात आली, मळेवाल्यांना झाडाची नीळ परवडेना, तेव्हा शेतकऱ्याला त्या सक्तीतून मोकळं करायचेही पैसे त्यांनी शेतकऱ्याकडूनच घेतले. वाढीव खंड लावला. झाडाचा रंग निर्मळ आणि कारखान्याचा पापी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या निळीचं काम करणारे निराळी होते, रंगारी होते. त्यांच्या हातांचा निळा जन्मभर जात नसे. आजच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव कुठे असतं? ‘हस्तरंगित’ लिहिलेलं असतं. हात कुणाचे, ते नाही.

म्हणजे मी कारखान्याच्या रंगाची वकिली करते आहे असं कुणी समजू नये. सोडा आणि मीठ घालून थंड पाण्यात धरणारे जे भडक रंग हल्ली पुड्यांत मिळतात, त्यांचा बराचसा भाग कापडाला न चिकटता पाण्याबरोबर निघून जातो. कितीही खंगाळा, पाणी रंगीतच. इचलकरंजीच्या रंगाच्या सांडपाण्यावरून पंचगंगेबद्दलची ओरड आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. ती पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा खाली आमच्याच चिकोडी, रायबाग, अथणीकडे येते. सीमा माणसांना असते, पाण्याला नसते. तेव्हा कारखान्याचा रंग निर्दोष आहे असं मी कशाला म्हणेन? मी एवढंच म्हणते की दोन्हीकडे दोष आहे, आणि एकीकडच्यांनी तरी आपल्या कापडावर पुण्याची चिठ्ठी लावलेली नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब करून टाकू. एक किलो कोरं सुती कापड घ्या. खळ काढायला वीस लिटर पाणी. खंगाळायला वीस. सूत रंग सहज धरत नाही, म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, ते वीस. मग तुरटीचं पाणी वीस. रंगाचा काढा वीस. शेवटी दोनदा स्वच्छ धुवायचं, चाळीस. झाले एकशे चाळीस लिटर, आणि तास-दीड तास गॅस चालू, तो वेगळा. हे एकशे चाळीस लिटर कुणी गाळून घेतं का? पिण्याच्या लोट्याला दुहेरी फडकं लावणाऱ्या आपण. उकळत्या काढ्याचं पाणी गटारात ओततो तेव्हा जिवाणी कुठे जाते? हा प्रश्न मी सभेत विचारला तर एकजण म्हणाली, ‘एवढं बघायला गेलं तर जगणं मुश्कील होईल.’ अगदी बरोबर. म्हणूनच आपल्याकडे गृहस्थाला सवलत आहे. घर चालवताना, रांधताना, धुताना होते ती आरंभी हिंसा. ती त्याला पूर्ण सुटत नाही हे शास्त्राने मान्य केलं आहे. त्याने सोडायची ती संकल्पी, जाणूनबुजून केलेली. पण सवलत घ्यायची आणि वर तिलाच व्रत म्हणून मिरवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? इथे हिंसेपेक्षा असत्याचा प्रश्न मोठा आहे. कुणी अनेकांत पुढे करील, ‘त्यांच्या दृष्टीने ते अहिंसक’. अनेकांत म्हणजे ग्राहकाला जी बाजू दिसू नये ती झाकायची सोय नव्हे, बाई.

आता वाकळेबद्दल. वाकळ रंगवलेल्या कापडाची नसते. तिला रंग येतो तो नेसून. कुणाच्या इरकलीचा विटलेला जांभळा, कुणाच्या खणाच्या चोळीची पाठ, म्हाताऱ्याचं धोतर, पोराच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. आत दोन-तीन जुनी पातळं थरावर थर, आणि कडेपासून मध्यापर्यंत बारीक धावदोरा. इथून जवळ हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी बायका राहतात. त्याही वापरलेल्याच कपड्यांची वाकळ करतात, कोपऱ्याकोपऱ्याला घडी घातलेल्या तुकड्यांचं ‘फूल’ लावतात आणि फूल नसलेली वाकळ उघडी समजतात. नवं कापड आणून ते फाडणं आणि पुन्हा जोडणं हा प्रकार या भागातल्या कुठल्याच बाईला सुचला नव्हता. फाटेपर्यंत वापरलेलं टाकायचं नाही, एवढीच वाकळेची गोष्ट होती. अपरिग्रह म्हणून कुणी तिचं नाव घेतलं नाही, पण होता तो अपरिग्रहच.

आमच्या अक्काला मी हे नव्या वाकळांचं सांगितलं तर ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, ‘वैनी, मी रंग लावत न्हाई बघा. ज्येनं नेसलं त्येनं लावलाय.’ तिच्या तुकड्यांत पॉलिस्टर असतं हे खरं. कारण आपण पॉलिस्टर नेसतो. ती काय आपल्या घरात येऊन ते विकत गेली? आपण वीस वर्षं नेसलेली साडी तिने उचलली, तिची दहा वर्षं टिकणारी वाकळ केली. त्या रंगाचं जे काही पाप असेल ते विकत घेताना आपल्या नावावर लागलं. तिने त्यात एक थेंब पाण्याची भर घातली नाही. आणि प्रदर्शनातून जायचं तिने?

मजुरी म्हणाल तर तिला एका वाकळेला पंधरा-वीस दुपारी लागतात आणि हातात येतात हजार-बाराशे. साडेआठ हजारांच्या वाकळा शिवणाऱ्या बायकाही याच गल्ल्यांतल्या आहेत. मी विचारलं दोघींना. त्यांनाही नगामागे तेवढेच मिळतात. कापड, हिरडा, तुरटी, लाख असं सगळं धरलं तरी मधले पैसे कुठल्या रंगात विरघळतात ते मला समजलेलं नाही.

घरी कापड रंगवूच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः रंगवते. पण मी कोरं आणत नाही. पांढरी पडलेली सुती पातळं, विटलेली धोतरं, उशांचे अभ्रे, असं घेते. जुनं कापड शंभरदा धुतलेलं असतं, त्याची खळ काढावी लागत नाही, दोन पाणी तिथेच वाचतात. आमच्याकडे डाळिंबाचा सीझन आला की साली वाळवून डबा भरते. त्या नाहीतरी टाकायच्याच. हिरड्यात भिजवून तुरटीत घातलेलं कापड डाळिंबसालीत छान पिवळं होतं. दसऱ्याला दाराला बांधलेले झेंडूचे हार सुकले की त्यांचा पिवळा आणखी उजळ. हळद मी वापरत नाही. दिसते सुंदर, पण उन्हात वाकळ वाळत घातली की महिन्याभरात उडून जाते, आणि वाकळ तर उन्हातच पडणारी वस्तू. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात ठेवून काळा करतात, तोही मी टाळते. एकतर ते आंबवणंच आहे. दुसरं म्हणजे लोखंडाचा काळा कापडाला आतून खातो. जुन्या छापील कापडांत काळी रेघ गेलेली आणि बाकीचं कापड शाबूत, असं पाहिलंय मी. वाकळेत एक तुकडा कुजला की त्याच्यावरचा सगळा धावदोरा उसवतो.

आणि शिवण्याआधी प्रत्येक तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघावा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा घ्यायचा नाही, आपण रंगवलेला असो की दुकानचा. साडी वेगळी धुता येते. वाकळेत शेजारीपाजारी शिवलेलं असतं, एकाचा रंग गेला की तो सगळ्यांना लागतो. साडेआठ हजारांच्या एका वाकळेचं हे झालेलं मी पाहिलं आहे. पहिल्या पावसाळ्यात लाल सुटला आणि पांढरे चौकोन गुलाबी झाले. विकणाऱ्यांनी सांगितलं, ‘नैसर्गिक रंगाचं असंच असतं, तेच त्याचं सौंदर्य.’ रंगाऱ्याच्या पोराने पूर्वी असं उत्तर दिलं असतं तर बापाने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

तेव्हा मंडळापुढे माझं म्हणणं साधं आहे. अक्काच्या वाकळा प्रदर्शनात राहतील, आणि पुढच्या टेबलावर राहतील. लाखेचा आणि कोचिनियलचा रंग असलेली एकही वाकळ महावीर जयंतीच्या मांडवात येणार नाही. बाकीच्या येऊ देत, पण चिठ्ठीवर तो एक शब्द असणार नाही. त्या जागी काय लिहायचं ते मी माझ्या वाकळेपुरतं लिहून आणलं आहे : ‘जुनी दोन पातळं आणि एक धोतर. हिरडा, तुरटी, डाळिंबाची साल. रंगवायला पाणी शंभर लिटर. शिवणारीला मजुरी तीन हजार.’ चिठ्ठी लहान पडते अशी तक्रार आली आहे. तर मागची बाजू कोरी असते, तिथे लिहा.